उजव्या गालाचे फोटो

माझ्या मुलीला आजवर सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न "नाव काय" हा नाही. "भाजलं का गं?" हा आहे. दुकानात, दवाखान्यात, बसच्या रांगेत, जिन्यात. विचारणारी माणसं वाईट नसतात. बऱ्याचदा आवाजात माया असते, मान एका बाजूला कललेली असते आणि उत्तर यायच्या आधीच तोंडातून "च् च्" निघालेलं असतं.

भाजलेलं नाही. जन्मापासून तिच्या डाव्या गालावर लासं आहे. डोळ्याखाली टोक, तिथून रुंद होत होत थेट जबड्यापर्यंत. रंग जांभळट लाल. थंडीत जास्त जांभळा, धावली किंवा रडली की जास्त लाल. बोट दाबलं की तेवढ्या जागेचा रंग पळतो, बोट उचललं की भरून येतो. दुखत नाही, खाजत नाही. ती वाढते तसं तेही वाढतं. लहान असताना आरशापुढे उभी राहून ती बोटांनी गालावर ठिपके काढायची आणि ते नाहीसे व्हायच्या आत आकडे मोजायची. पाचच्या वर कधी गेली नाही.

घरात तिला मुंगी म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती, आणि चालायला लागल्यापासून कायम काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची. आता पंधरावं लागलंय, उंचीला मला गाठलंय, तरी नाव तेच.

रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. कोण आलं, कोण गेलं, कुणाला बरं नव्हतं, देवाने दिवस कसा पार पाडला. शुक्रवारपासून आजपर्यंत जे झालं ते चार ओळींत बसणारं नाही. आणि मुंगीबद्दल आपण आजवर नीट लिहिलेलंच नाही, हेही मला त्यातच कळलं. म्हणून हे सविस्तर.

लासं हा शब्द सासूबाईंचा. कुणी डाग म्हटलं की त्या म्हणायच्या, "डाग कपड्याला पडतो. हे लासं आहे." आणि मुंगीला सांगायच्या, पाठवताना देवाने खूण केली तुला, गर्दीत ओळखू यावीस म्हणून. मीही तेच सांगत आले. मला ते मनापासून पटत होतं, अजूनही पटतं. मुंगीला आठ वर्षांपर्यंत पटलं. नवव्या वर्षी तिने विचारलं, "मग बाकीच्यांना देव कसा ओळखतो?"

सासूबाई म्हणाल्या, "तुझी जीभ आधी केली असणार देवाने. गाल मागाहून."

अगदी तान्ही असताना डॉक्टरांना दाखवलं होतं. धोक्याचं काही नाही, म्हणाले. किरणांनी फिकं करता येईल, पण बऱ्याच खेपा घालाव्या लागतील आणि पूर्ण जाईलच असं नाही. आम्ही म्हटलं, मोठी झाली की तिचं ती ठरवेल. तेव्हा तो फार समजूतदारपणा वाटला होता. आता वाटतं, ठरवायचं आम्ही टाळलं आणि ते ओझं तिच्या दप्तरात टाकून दिलं.

अकराव्या वर्षापासून ती बदलत गेली, इतकी हळूहळू की मला ते तिच्या कपड्यांवरून कळलं. गणवेशाच्या डाव्या बाहीला रोज चुना लागून यायला लागला. वर्गात ती भिंतीकडच्या बाकावर बसत होती, डावा गाल भिंतीकडे करून. मग भांग बदलला, डावीकडचे केस पुढे आले. मग मावसबहिणीने दिलेली कातडीच्या रंगाची क्रीम आली. ती दुपारपर्यंत टिकायची, खेळाच्या तासाला घामाबरोबर कॉलरवर उतरायची. दर धुण्याला कॉलरच्या डाव्या बाजूला पिवळट पट्टा. मी तो घासून काढायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. तिला वाटायचं, आईला माहीत नाही. मला वाटायचं, बोलले नाही म्हणजे तिला बरं वाटेल. असे सहा महिने गेले. मग एक दिवस मोरीच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, फार घासू नकोस, कॉलर विरेल. मी लावणं बंद केलंय."

शाळेत तिला नकाशा म्हणायचे. आधी रडत घरी यायची, मग गप्प यायची, मग एक दिवस हसत आली. भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं होतं, "काय नकाशा, आज कुठला देश?" तर ही म्हणाली, "तुझ्या मार्कांएवढा लहान देश छापतच नाहीत रे." बाईसुद्धा हसल्या म्हणे. त्यानंतर नाव नकाशाच राहिलं, पण त्यातला काटा गेला. खेळाच्या संघात घेताना मुली ओरडायच्या, नकाशा आमच्याकडे. मला वाटलं, झालं एकदाचं, सवय झाली. सवय त्या शाळेला झाली होती. मुंगीला नाही.

यंदा ह्यांची बदली झाली. ह्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. कंपनीने या शहरात पाठवलं आणि आम्हाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, ज्या इमारतीला लिफ्ट नाही. हे म्हणतात, घरी तरी मला सुटी हवी.

नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी मुंगीला खालपर्यंत सोडायला गेले. मनात देवाचं नाव चालू होतं. आता परत पहिल्यापासून सगळं, परत तीस जणांचं "भाजलं का". संध्याकाळी ती आली, दप्तर टाकलं, दूध प्यायली.

"कुणी काही विचारलं?"

"एकदाच."

"मग?"

"सांगितलं."

आणि खरंच त्यानंतर सगळं शांत. महिना गेला, दोन गेले, तीन गेले. मुंगी केस मागे बांधायला लागली. बाहीला चुना दिसेना. घरी येऊन गुणगुणायची. मी रोज देवाचे आभार मानत होते. वहीत आहे तसं, तारीखवार.

समोरच्या दारात टेलरबाई राहतात. त्यांची मुलगी मुंगीच्याच वर्गात. आम्ही नवीन आलो तेव्हा जिन्यात उभ्या उभ्या तासभर बोलायच्या. मग एकाएकी शब्द मोजून बोलायला लागल्या. मुंगीला मात्र दारात बोलावून खाऊ द्यायच्या. एकदा ह्यांच्या शर्टाची कॉलर उलटून घ्यायला गेले तर सुई हातात धरून म्हणाल्या, "तुम्हाला राग फार लवकर येतो का हो?"

"येतो कधी कधी. का?"

"नाही, सहज. मलाही येतो. कापड नीट कापलं गेलं नाही की."

मी मनात म्हटलं, काय बाई तरी बोलतात. आणखी एकदा मी इस्त्री करत होते, दार उघडंच होतं, त्या डोकावल्या आणि आल्या पावली परत गेल्या. मला वाटलं, काहीतरी विसरल्या असतील.

शुक्रवारी शाळेत पालकांना बोलावलं होतं. हे कामावर, मी एकटीच गेले. वर्गाच्या बाई तरुण, शांत स्वभावाच्या. वह्या दाखवल्या, गणित बरं आहे म्हणाल्या, अक्षर जरा सुधारायला हवं. मग पेनचं टोपण लावलं आणि हळूच विचारलं, "घरी इस्त्री कोण करतं?"

मला वाटलं, गणवेशाची घडी बरोबर बसत नसेल. "मीच करते. ह्यांचे शर्ट, हिचा गणवेश. का हो, सुरकुत्या राहतात का?"

"नाही नाही. इस्त्री छान असते."

"जुनी आहे आमची. भलतीच तापते." मी आपली सांगत सुटले. "मागे एकदा ह्यांच्या शर्टाची पाठच गेली. तेव्हापासून मी आधी कोपऱ्याला लावून बघते."

बाईंनी टोपण काढलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "मुलगी असते का जवळपास, तेव्हा?"

"असते की. शेजारीच बसलेली असते बडबड करत."

"चिडता का कधी?"

"इस्त्रीवर?"

"मुलीवर."

त्या उठल्या आणि मला मोठ्या बाईंच्या खोलीत घेऊन गेल्या.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. वयस्कर, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी आडवळण घेतलं नाही. पहिल्या दिवशी मुंगीने वर्गातल्या मुलीला सांगितलं होतं की गाल इस्त्रीने भाजलाय, आईच्या हातून. ती मुलगी म्हणजे टेलरबाईंची. ती घरी बोलली, टेलरबाईंनी तीन महिने मनात ठेवलं आणि गेल्या आठवड्यात शाळेत येऊन सांगितलं. वर्गाच्या बाईंनी मुंगीला विचारलं तर ती त्यांनाही हो म्हणाली.

"बाई, ते जन्मापासून आहे," मी म्हटलं.

"तसं असेल तर माझ्यासारखा आनंद कुणाला होणार नाही. पण मुलगी एक सांगते, आई दुसरं. मघाशी मी तिला एकटीला विचारलं, खरं काय ते सांग, घाबरू नकोस. ती काही बोलली नाही. खाली बघत बसली."

गप्प बसलेल्या मुलीकडे बघून कुणालाही जे वाटेल तेच त्यांना वाटलं होतं.

"सोमवारी डॉक्टरांचा कागद आणा, नाहीतर तिचा लहानपणचा फोटो आणा. दोन्हीतलं काहीही चालेल. जुन्या शाळेला मी पत्र टाकू शकते, पण उत्तर येईपर्यंत नियम थांबत नाही. सोमवारी माझ्याकडे काहीच नसेल तर मला वर कळवावं लागेल."

मी पिशवीचे बंद धरून बसले होते. सोडले तेव्हा बोटांवर वळ उठले होते.

मुंगी बाहेर बाकावर होती. आम्ही दोघी चालत घरी आलो. तीन मजले चढलो. टेलरबाईंचं दार लोटलेलं होतं, पण आतलं मशीन आमच्या पावलांबरोबर थांबलं आणि आम्ही आत गेल्यावर परत सुरू झालं.

हे आल्यावर मी चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. ह्यांनी मुंगीला समोर बसवलं.

"का सांगितलंस असं?"

"तिने विचारलं, भाजलं का. मी हो म्हटलं. मग म्हणाली, कशाने. आता टोक वर, खाली रुंद, मला इस्त्रीच सुचली. मग म्हणाली, कुणी. घरात इस्त्री आई करते." ती थांबली. "तीनच शब्द बोलले मी, बाबा. हो, इस्त्री, आई."

"मीही करतो की कधी कधी. माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्ही केली असती तर अख्खं तोंडच गेलं असतं."

ह्यांना हसू आलं, मलाही आलं असतं, पण आलं नाही. ह्यांनी विचारलं, "लाज वाटते का गं तुला त्याची?"

"नाही, बाबा. सगळ्यांना तेच वाटतं. लाज नाही वाटत. कंटाळा येतो." ती टेबलावर सांडलेला चहा बोटाने पसरत होती. "जन्मापासून आहे म्हटलं की दहा प्रश्न. दुखतं का, जाणार नाही का, घरात अजून कुणाला आहे, अमुक पाला लावून बघ. भाजलंय म्हटलं की लोक गप्प होतात. एकदा सांगितलं आणि तीन महिने कुणी विचारलं नाही. तीन महिने, आई."

मला रागवायचं होतं. पण ते "तीन महिने" तिने असं म्हटलं, जसं कुणी आजारातून उठल्यावर पहिल्या गाढ झोपेबद्दल सांगतं.

"तान्हेपणीचा कागद तर कधीच हरवला. उद्या डॉक्टरांकडे जाऊ," हे म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

"मी येणार नाही. परत कुणीतरी चेहऱ्यावर बॅटरी मारणार, परत विचारणार, भाजलं का. फोटो दाखवा ना. दोन अल्बम आहेत आपल्याकडे."

ओढून नेता आली असती. पण माझ्यावर आळ होता तो मुलीला इजा केल्याचा, आणि तो धुवायला मुलीलाच दंड धरून न्यायचं, हे मला जमेना. शिवाय फोटो होतेच. आम्ही तिघंही निर्धास्त झालो.

शनिवारी दुपारी मुंगीने पलंगाखालून खोकं ओढलं. बदलीच्या वेळी बांधलेली दोरी अजून सुटली नव्हती. आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि पहिला अल्बम उघडला.

पहिल्या फोटोत ती सासूबाईंच्या मांडीवर, तोंड त्यांच्या कुशीकडे, उजवा गाल बाहेर. पुढच्यात ह्यांच्या खांद्यावर झोपलेली, उजवा गाल बाहेर. पहिलं पाऊल टाकताना, बाजूने. वाढदिवसाला, चेहऱ्यापुढे डावीकडे फुगा. आत्याच्या लग्नात सगळे समोर बघतायत, आणि मुंगीच्या डाव्या गालावर माझा तळहात. दिसायला किती लाडाचा फोटो. मी तोच तिला दाखवून म्हणत आले होते, बघ, किती जवळ घेतलंय तुला.

पहिली दहा-बारा पानं मुंगी हसत होती. "हाही उजवा. हाही. बापरे, इथे तर मी पूर्ण पाठमोरीच." मग तिचं हसणं थांबलं आणि ती नुसती पानं उलटायला लागली. दुसरा अल्बम संपला. फोनमध्ये बघितलं. तिथे अलीकडचे सगळे तिने स्वतः काढलेले, केस पुढे, मान वळवलेली. आत्याला फोन केला, तिच्याकडे चार होते. तिने पाठवले. चारही उजवे.

"मला वाटायचं, फोटो काढताना मीच वळते," मुंगी म्हणाली. "मला वाटायचं, ही माझी सवय आहे."

मला सासूबाईंचा आवाज ऐकू येत होता, "जरा इकडून घ्या हो." आणि त्या गेल्यानंतरचा माझा, अगदी तसाच. घरात कुणी कधी बसून ठरवलं नव्हतं. तिला आम्ही सांगत होतो की देवाने खूण केली आहे, आणि फोटोवाल्याला सांगत होतो, जरा इकडून घ्या. एकाच तोंडाने.

मग मला वह्या आठवल्या. वही म्हणजे पुरावा नव्हे हे मला कळत होतं, पण हातात काहीतरी हवं होतं. ती जन्मली त्या वर्षाची वही खोक्याच्या तळाशी निघाली. पान काढलं. "पहाटे मुलगी झाली. नाजूक आहे, पण आवाज खणखणीत. देवाची कृपा. बाहेर दाट धुकं." पुढचं पान, पुढचा महिना. दात आला, ताप आला, पालथी पडली. गालाबद्दल एक अक्षर नाही. सबंध वर्षात नाही. रोज लिहिणारी बाई मी.

मुंगीने वही माझ्या हातातून घेतली, दोन-चार पानं वाचली आणि परत दिली.

"धुकं होतं का?" एवढंच म्हणाली.

रविवारी घरात तिघंही हळू आवाजात वावरत होतो. मी इस्त्री काढली नाही. प्रार्थनेला बसले, पण मागायचं काय तेच सुचेना. सोमवारी माझ्यावर ठपका लागू नये म्हणून मागावं, तर तिला परत तीस जणांना उत्तरं द्यावी लागणार. तिची शांतता टिकावी म्हणून मागावं, तर ती माझ्या नावावर उभी होती. शेवटी म्हटलं, देवा, तूच बघ, मी दमले. मुंगी मागे येऊन उभी होती. "आई," ती म्हणाली, "सोमवारी मी बोलते. तुम्ही दोघं नुसते या. आणि बाबा, तुम्ही अर्ध्या बाहीचा शर्ट घाला."

"का?"

"घाला हो."

सोमवारी तिघं गेलो. खोलीत मोठ्या बाई आणि वर्गाच्या बाई होत्या. मी आधीच सांगून टाकलं की डॉक्टरांचा कागद नाही आणि फोटोही नाही.

"लहानपणचा एकही फोटो नाही?"

"फोटो शंभर असतील. त्या गालाचा नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. तो दोरीला लोंबत राहिला. त्या काही बोलायच्या आत मुंगी उठून त्यांच्या टेबलापाशी गेली.

"बाई, बाबांचा हात बघा. कामावर भाजलाय, जुना आहे. बाबा, इकडे या."

ह्यांनी हात पुढे केला. मनगटाच्या वर चकचकीत, पांढरट चट्टा आहे. मुंगीने त्यावर अंगठा दाबला आणि उचलला. चट्टा होता तसाच राहिला.

"आता माझा गाल दाबा."

"नको बाळ, तू नुसतं सांग..."

"सांगून झालं, बाई. मी आधी खोटं सांगितलंय, आता खरं सांगितलं तरी तुम्ही कसं ओळखणार? दाबा. दुखत नाही."

मोठ्या बाईंनी बोट पुढे केलं आणि टेकवलं न टेकवलं, इस्त्री तापली का बघावं तसं.

"जोरात," मुंगी म्हणाली.

त्यांनी दाबलं. बोट उचललं तेव्हा तिथे बोटाएवढा पांढरा ठिपका होता. मुंगी खिडकीकडे बघत मोजत होती. "एक. दोन. तीन. चार." ठिपका भरून आला. मोठ्या बाईंनी न सांगता आणखी एकदा दाबलं, जरा वर, डोळ्याखालच्या टोकाशी, आणि या वेळी त्यांनीही मनात मोजलं असावं, कारण ओठ हलले.

मी तिची आई. त्या गालाला तेल लावलं, तो धुतला, पुसला. पण पापा घेताना कायम उजवा. ते मला त्या खोलीत, परक्या बाईचं बोट बघताना लक्षात आलं.

"शाळेचे डॉक्टर येतील तेव्हा त्यांची सही घेऊ, फायलीपुरती," मोठ्या बाई म्हणाल्या. "वर कळवायचं कारण आता मला दिसत नाही." मग मुंगीला विचारलं, "आईवर काय वेळ आली होती, कळतं का तुला?"

"हो, बाई."

"मग असं का सांगितलंस?"

"सोपं होतं."

माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्हाला फार मनस्ताप झाला."

"झाला," मी म्हटलं. "पण तुम्ही विचारलंत ते बरंच केलंत. एखाद्या मुलीला खरंच कुणी भाजलं असेल, तर तिला विचारणारं कुणी असायला हवं."

वर्गाच्या बाई म्हणाल्या, "वर्गात मी सांगू का? तुला सोपं जाईल."

मुंगीने मान हलवली. "मी सांगते. पुढे उभी राहून एकदाच सांगते, म्हणजे तीस वेळा नको." तिने दप्तर खांद्यावर घेतलं. दारातून जाताना तिचे खांदे असे खाली आले होते, जसं सुटीवरून कामावर परतणाऱ्या माणसाचे येतात.

संध्याकाळी जिन्यात तिची पावलं नेहमीपेक्षा सावकाश वाजली. आत आली, दप्तर टाकलं, खुर्चीत बसली. हे अर्धी रजा टाकून घरीच होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"तेरा प्रश्न. त्यातले चार टेलरबाईंच्या मुलीचे." तिने डोळे मिटले. "शेवटी म्हणाली, मी दाबून बघू? तिने बघितलं, मग सगळ्यांनीच. रांग लावली होती. गाल हुळहुळलाय माझा."

थोड्या वेळाने दार वाजलं. टेलरबाई उभ्या होत्या, हातात ह्यांचा शर्ट. कॉलर उलटून झाली होती, टाके बारीक आणि सरळ. "मला वाटलं ते मी केलं," त्या म्हणाल्या. "तुम्हीही तेच केलं असतं." मी म्हटलं, हो, केलं असतं. त्या आत आल्या नाहीत, मीही बोलावलं नाही. उद्या बोलावेन.

मी दूध घेऊन आले तेव्हा मुंगी तशीच मागे डोकं टेकून बसली होती, डावा गाल माझ्याकडे. मी पेला खाली ठेवला आणि त्या गालावर हात ठेवला. तापलेला होता.

"तू पण?" ती डोळे न उघडता म्हणाली. "घे दाबून."

मी दाबला नाही. नुसता हात ठेवला.

ह्यांनी फोन काढला होता. म्हणाले, "मुंगे, एक फोटो काढू? असाच, या बाजूने."

"आज नको, बाबा. आज दमलेय."

"बरं," हे म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

तेव्हा फोटो राहिलाच आहे. पण वही माझी आहे, तिला कुणाची परवानगी लागत नाही. सोमवार. मुलगी पंधराव्या वर्षात. डाव्या गालावर लासं, डोळ्याखाली टोक, जबड्यापर्यंत रुंद. रंग आज जास्त लाल.